नाडा बांधलेले घड

द्राक्ष दाताखाली फुटलं आणि मग माझं लक्ष देठाकडे गेलं. देठाला लाल-पिवळा नाडा बांधलेला होता आणि नाड्याचं टोक निळं होतं. देवाचा नाडा सगळ्या नाशकात मिळतो, पण निळ्या टोकाचा नाडा फक्त माझ्याकडे असतो. प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगात टोकं बुडवून, वाळवून, पुडीत बांधून मी स्वतः तो मामांच्या मळ्यात नेला होता आणि स्टुलावर उभी राहून एकेका घडाला माझ्या हातांनी बांधला होता. त्या घडांवर आमच्या प्रयोगशाळेचं नवीन औषध फवारलेलं होतं. ते घड मोजून, तपासून शेवटी खड्ड्यात पुरायचे होते. त्यातलं एक द्राक्ष आत्ता माझ्या तोंडात होतं, आणि बाकीचा झुबका पंचवटीतल्या एका गणपतीचा प्रसाद म्हणून माझ्या ओंजळीत होता.

खरं तर मी देवळात गेलेही नव्हते. कामावर जायच्या आधी भाजी घ्यायला आले होते, गल्लीत हातगाडी आडवी झाली म्हणून देवळाच्या पायरीशी स्कूटर थांबवली, तर गुरुजींनी आतून हाक मारली, "घ्या ताई, चतुर्थीचा प्रसाद." प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, आणि हातात घेऊन ठेवायचाही नसतो. उजवा हात पुढे, खाली डावा, आणि सरळ तोंडात. धुतलं आहे का, कुठून आलं, असल्या चौकशा प्रसादाच्या करत नाहीत. हे आईनं माझ्या अंगात इतकं मुरवलं आहे की दोन दशकं रसायनशास्त्रात घालवूनही हात आधी चालला आणि डोकं मागून आलं. आता थुंकावं, तर गुरुजी समोर उभे. मी, उज्वला, जी नवीन मुलींना रोज बजावते की कपाळावरचा घामसुद्धा हातमोजे काढल्याशिवाय पुसायचा नाही, त्या मी लाजेखातर ते द्राक्ष गिळलं. कडू लागलं. घशातून खाली जाईपर्यंत कडू लागत राहिलं.

"गुरुजी, ही द्राक्षं कुणी आणली?" मी विचारलं. "ओझरकडच्या एक आजी आल्या होत्या सकाळी, मुलाच्या गाडीतनं. नवसाची आहेत म्हणाल्या, सगळी वाटून टाका. क्रेटभर होती, तुमच्या हातात शेवटचीच." म्हणजे माझ्या कुसामामीच. माझ्या शेजारी एक बाई उभी होती, कडेवर लाल फ्रॉकातली मुलगी. मुलीच्या दोन्ही गालांत द्राक्षं होती आणि हनुवटीवरून रस ओघळत होता. मी म्हटलं, "ताई, तिला नका देऊ, फवारणीची असतील." बाईनं माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या द्राक्षांकडे पाहिलं. "प्रसाद आहे ना," ती म्हणाली, अगदी साधेपणानं. मी तिला सांगितलं की मी औषधांचंच काम करते, मुलीला उलटी झाली, लाळ गळाली, तर थेट दवाखान्यात न्या आणि मला फोन करा. माझा नंबर तिनं मोबाइलमध्ये घातला, पण वेड्या माणसाशी वाद घालू नये म्हणून माणूस मान डोलावतो, तसा. तिचा नंबर घ्यायचं मला सुचलंच नाही. हातगाडी हलली, गल्ली मोकळी झाली आणि ती मुलगी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत, चघळत, भाजीबाजाराच्या गर्दीत गेली.

मामींचा फोन बंद. त्यांच्या मुलाचा, मळ्यातली फवारणी बघणाऱ्या संतोषचा, तोही बंद. चक्कर येईल म्हणून स्कूटर तिथेच लावली आणि प्रयोगशाळेत जायला रिक्षा केली. ओंजळीतली द्राक्षं रुमालात बांधून मांडीवर धरली. वाईट गोष्ट ही होती की यात कुणाचं काही चुकलेलं नव्हतं. घडांना आधी आम्ही प्लास्टिकच्या चिठ्ठ्या लावत होतो. त्या वाऱ्यानं उडायच्या, दवानं त्यांवरची अक्षरं पुसली जायची. मग एक दिवस पंचवटीतूनच जाताना पूजेच्या दुकानात नाड्याचं बंडल दिसलं. रंग पक्का, गाठ घट्ट, कुजत नाही. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं. औषधाचे घड लाल नाड्याचे आणि नुसत्या पाण्याचे घड पांढऱ्या दोऱ्याचे. मी नाडा बांधत होते तेव्हा मामी मांडवाखाली आल्या, वर बघत म्हणाल्या, "हे काय गं उज्वले?" माझ्या दातात दोरे धरलेले. त्यांच्यामधूनच मी म्हटलं, "मामी, हे घड विकायचे नाहीत, खायचे नाहीत, कुणाला हात लावू देऊ नका." मामींनी मान डोलावली. आता रिक्षात बसून माझंच वाक्य मी मामींच्या कानांनी ऐकलं. नाडा बांधलेलं फळ, जे विकायचं नाही, खायचं नाही, ज्याला कुणी हात लावायचा नाही. त्या बाईनं दुसरं काय समजावं? मी त्यांच्या जागी असते तर मीही देवालाच नेलं असतं.

जीभ जड झाली होती का? मी ती टाळूला लावून पाहिली, दातांमागून फिरवली. तोंडात पाणी सुटत होतं. लाळ सुटणं हे पहिलं लक्षण, हे मला पाठ होतं, आणि पाठ असल्यामुळेच ती सुटत होती का, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. लहानपणी ओझरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा दादा, माझे वडील, गुलाबांना तंबाखूचं पाणी मारायचे. तंबाखू रात्रभर बादलीत भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची आणि डब्याच्या झाकणाला भोकं पाडून शिंपडायची. गुलाबांवरची माव्याची कीड टपाटपा गळून पडायची. विमानांचे भाग जोडणारा माणूस सकाळच्या उन्हात बनियनवर उभा राहून एवढ्याशा किड्यांशी लढतोय, हे मला फार आवडायचं. एकदा मी त्या बादलीत बोटं बुडवली. दादांनी न ओरडता मला उचललं, नळाखाली धरलं आणि लाल साबणानं हात धुतले. "परत धू," म्हणाले. मग पुन्हा, "परत धू." नंतर ते पायरीवर बसले आणि मला समजावून सांगितलं की झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही, म्हणून ते कडू होतं. त्याला खाणाऱ्याला ते कडूपणानं हाकलतं. मी पुढे जे काही शिकले ते एवढंच शिकले, फक्त नावं लांबलचक झाली. तंबाखूतलं निकोटीन, दारुहळदीतलं बर्बेरिन, सगळे त्याच घराण्यातले, कडू, झाडांनी आपल्या जिवासाठी केलेले अल्कलॉइड. बर्बेरिन पिवळं असतं. दारुहळदीचा लेप आजी आमच्या दुखऱ्या डोळ्यांभोवती लावायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे पिवळ्या डोळ्यांवरून चिडवायचे.

त्याच बर्बेरिनला आम्ही शेपट्या जोडत होतो. मूळ कडू रेणू घ्यायचा, त्याला एका जागी लांब तेलकट साखळी लावायची, मग कधी आखूड, कधी फाटे फुटलेली, आणि प्रत्येक वेळी बघायचं की तो काय काय मारतो. एकोणतिसावा नमुना सरस निघाला. काचेच्या बशीत जंतूंच्या साईवर त्याचा थेंब ठेवला की भोवती स्वच्छ गोल तयार व्हायचा, आणि दुसऱ्या बशीत द्राक्षावरचे पिठ्या ढेकूण पाय आखडून पडायचे. एकाच औषधानं जंतूही आणि कीडही. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, इतके खूश झाले की त्यांनी पहिल्यांदाच माझ्या नावापुढे 'बाई' लावलं. मग मळ्यातली चाचणी, आणि तिथेही लाल नाड्याच्या घडांवर कीड नावाला, पांढऱ्या दोऱ्याच्या घडांवर पांढरी बुरशी आल्यासारखी गर्दी. सरांनी त्याचा आलेख काढून भिंतीवर लावला, एक आखूड खांब आणि एक उंच खांब. तो आखूड खांब बघत मी कितीदा चहा प्यायले असेन. पण जे बशीतल्या जंतूला मारतं ते माणसाच्या पोटात जाऊन काय करतं, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या चाचण्या व्हायच्या होत्या. कदाचित काहीच करत नसेल. कदाचित मोठ्या माणसाला काही होणार नाही आणि लाल फ्रॉकातल्या मुलीला होईल. मला माहीत नाही हे वाक्य मी बैठकांमध्ये किती सहज बोलते. रिक्षात ते मला बोलवेना.

रामवाडीच्या पुलावर गाड्या अडकल्या. खाली गोदावरीत कुणीतरी कपडे धूत होतं. मी देवाकडे काही मागत नाही. श्रद्धा नाही असं नाही, सवय नाही. दादा गेले त्या आठवड्यात इतकं मागून झालं होतं की त्यानंतर ते खातं मी बंदच केलं. पण त्या पुलावर, पुढच्या टेम्पोच्या मागचा धूर खात, रुमालातली द्राक्षं दोन्ही हातांनी धरून मी मागितलं. तिला काही होऊ देऊ नकोस. मला झालं तर चालेल, माझी नोकरी गेली तरी चालेल, एकोणतिसावा नमुना खोटा निघाला तरी चालेल. फक्त ती द्राक्षं निर्धोक असू देत. मागताना माझे ओठ हलत असावेत, कारण रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि विचारलं, "ताई, दवाखान्यात घेऊ का?" मी नको म्हटलं. त्यानं रिक्षा जोरात काढली.

प्रयोगशाळेत मेहविश आधीच आलेली होती. ती माझ्याच खोलीत काम करते, जुन्या नाशकातून येते, आणि सकाळी तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या जेवढ्या कडक असतात तेवढ्या कुणाच्याच नसतात. मी रुमाल टेबलावर उघडला आणि झालं ते सांगितलं. ती घाबरली, हे मला तिच्या हळू झालेल्या आवाजावरून कळलं. "तू किती खाल्लीस?" "एक." "बस खाली. हात बघू." तिनं माझी नाडी धरली, आणि मग मला खुर्चीत बसवून स्वतःच कामाला लागली. बर्बेरिनच्या घराण्यातलं काहीही असलं तरी जांभळ्या दिव्याखाली ते पिवळं चमकतं. आमचा एकोणतिसावा तर काजव्यासारखा चमकायचा. मेहविशनं ओल्या कापसानं झुबक्यातलं एकेक द्राक्ष पुसलं, कापूस कागदावर दाबला, खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा लावला. कागद काळा-जांभळा दिसत राहिला. तिनं देठ पुसले, घडाच्या आतल्या फटी पुसल्या. मग खात्री करायला बाटलीतल्या औषधाचा थेंब त्याच कागदाच्या कोपऱ्यात ठेवला. कोपरा लगेच पिवळाधमक झाला. बाकी कागदावर काही नव्हतं.

"काही नाहीये, उज्वला," ती म्हणाली. मला ऐकू आलं, पण पटेना. गुरुजींनी धुतली असतील. आत मुरलं असेल. नाडा तर माझाच होता, गाठ माझी, टोक निळं. आणि ते कडू लागलेलं? मी तसं म्हटल्यावर मेहविशनं पडदा सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. "नाडा दिसायच्या आधी कडू लागलं की नंतर?" मी आठवू लागले. द्राक्ष फुटलं, रस आला, तो कसा होता? त्या पहिल्या क्षणाची चव माझ्याकडे नव्हतीच. भीतीनं ती पुसून तिथे आपली लावली होती.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. लाल फ्रॉक डोळ्यांपुढे आला आणि फोन मेहविशनंच उचलून माझ्या कानाला लावला. "हां, उज्वले, मी मामी. माझा फोन चार्जिंगला हाय, शेजारच्या सावळीरामच्या फोनवरून बोलते. संतोष गाडी घेऊन मार्केटला गेलाय. फेडला गं तुझा नवस. तुला कामातून सवड नाय म्हून मीच जाऊन आले. सगळे घड दिले, एक घरात ठिवला नाय."

"मामी," मी म्हटलं, "त्या घडांवर औषध मारलं होतं."

मामींचा आवाज आला, थोडा दुखावलेला. "येडी का काय तू? देवाच्या घडावर कोण औषध मारंल? नाडा बांधला तवाच मी संतोषला सांगितलं, या घडांना पंप लावायचा नाय. ताईनं नवस केलाय, औषधाचं बोट लागता कामा नाय."

"पण संतोष तर मला दर वेळी सांगायचा, मारलं ताई म्हणून."

"मारलं ना. पांढऱ्या दोऱ्याच्या घडांवर मारलं. तू दिलेलं औषध काय नाल्यात ओतायचं? अन् नवसाचं बोलू नाय, अशी शपथ घातली होती त्याला. तू पण बोलली नाय ना मला? मी इचारलं का?"

खुर्चीच्या हातावर माझी पकड सुटली आणि मला कळलं की सकाळपासून मी सारखं काहीतरी धरून होते. रुमाल, रिक्षाचा दांडा, खुर्ची. छातीत अडकलेला श्वास इतका एकदम बाहेर आला की तो हसण्यासारखा ऐकू आला. मग एक गोष्ट आठवून तो पुन्हा अडकला. "मामी, पांढऱ्या दोऱ्याचे घड? ते कुणी तोडले का?"

"ते हायत तसेच येलावर. कोण खाईल ते, निस्ते किड्यांनी भरल्यात. पांढरा दोरा बघून मला तर ते सुतकातलेच वाटायचे."

"त्यांना कुणी हात लावू नका. मी येते आणि घेऊन जाते."

"ये. जेवायलाच ये. अन् लाल नाड्याचे कसे होते बघितले का? काचंवानी. येता-जाता ओल्या फडक्यानं पुसायचे मी. किडा दिसला की बोटानं काढायचे. देवाला किडकं कसं द्यायचं?"

समोर भिंतीवर सरांचा आलेख होता. आखूड खांब मामींच्या ओल्या फडक्याचा होता. आणि तो उंच खांब, ज्याच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं, तो माझ्या एकोणतिसाव्या नमुन्याचा होता. बशीत पाय आखडणारे पिठ्या ढेकूण मांडवात माझ्या औषधात आंघोळ करून मजेत वाढले होते. जंतूंचं तेवढं खरं होतं, काचेच्या बशीतले ते स्वच्छ गोल कुणी फडक्यानं पुसून केलेले नव्हते. पण बाकीचं गेलं. दोन वर्षं गेली, सरांचं 'बाई' गेलं, ते आज दुपारी मला स्वतःच जाऊन सांगावं लागणार होतं. मी दुःख व्हायची वाट बघत थांबले. दुःख येईल, मला माहीत आहे, उद्या-परवा येईल आणि चांगलं ठिय्या देऊन बसेल. पण त्या वेळी माझ्या अंगात त्याला जागाच नव्हती. लाल फ्रॉकातली मुलगी आता घरी पोचली असेल, तिच्या पोटात नुसती द्राक्षं आहेत, एवढ्या एका गोष्टीनं मी गळ्यापर्यंत भरले होते. तिच्या आईला हे कळवायला माझ्याकडे नंबर नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती. ती माझ्यासारखी घाबरलीच नव्हती.

"काय मागितलं होतंस ते मी नाय इचारणार," मामी म्हणत होत्या. "पण दिलं का देवानं?"

"मागितलं होतं मामी. आज सकाळी, रिक्षात. आणि दिलं."

"म्हंजी आधी फेडलं अन् मग मागितलं? तुझं सगळं उलटंच हाय, लहानपणापासून," त्या म्हणाल्या आणि सावळीरामचा फोन त्याला परत द्यायचाय म्हणून ठेवून दिला.

खोलीत खायला बंदी आहे, म्हणून आम्ही जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. कापसानं पुसलेली द्राक्षं तिथेच ठेवून, रुमालाच्या तळाशी सुटी पडून राहिलेली चार-पाच मेहविशनं नळाखाली धुतली. "परत धू," मी म्हटलं. तिनं परत धुतली, आणि मी न सांगताच आणखी एकदा. नाडा तिनं सोडवून माझ्या हातात दिला. "ही माझी?" तिनं विचारलं. "घे," मी म्हटलं, "प्रसादाला नाही म्हणायचं नसतं." तिनं एक तोंडात टाकलं. मग मी टाकलं, आणि या वेळी डोळे मिटून, नीट, आधी चव घेतली. गोड होतं. देठाजवळ किंचित आंबट, जसं आमच्या मामांच्या मळ्यातलं नेहमी असतं. मी दुसरं उचललं.